चक्कर आली की लगेच मानेचा पट्टा?

संपादक साहेब, स.न.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आईने (वय 67) माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली आणि सगळं घर गरगर फिरलं, ओट्याला धरून खाली बसली म्हणून वाचली. नंतर रोज पहाटे कूस बदलली की तेच, अर्धा मिनिट गरगर, मळमळ, की थांबलं. शेजारी म्हणाले पित्त, आत्या म्हणाली बीपी, एका डॉक्टरांनी एक्सरे काढून मणक्यात गॅप आहे म्हणत पट्टा आणि चकरेच्या गोळ्या दिल्या त्या चार महिने चालू. अहो या वयात मणक्याची झीज कोणाच्या एक्सरेत दिसत नाही?

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी हेच विचारलं, डोळ्यापुढे अंधारी येते की आजूबाजूचं फिरतं? उठताना अंधारी आली तर बीपी, हिमोग्लोबिन वगैरे बघायचं, गरगर फिरत असेल तर बरेचदा दुखणं कानात असतं. मग आईची मान एका बाजूला 45 अंश वळवून तिला झटकन आडवं केलं, तर डोळे थरथरायला लागले, झालं निदान. बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. डोकं ठराविक क्रमाने वळवून ते परत जागेवर आणतात, एप्ली मॅन्युव्हर, जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शोधलेलं. 10 मिनिटं पण लागली नाहीत! आठवड्याने परत एकदा करावं लागलं, एवढंच.

गोळ्यांनी कण हलत नाहीत, फक्त मळमळ-गरगर दबते, आणि यातल्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर म्हाताऱ्या माणसांचे हात कापायला लागतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

अर्थात सगळ्यांना हेच असेल असं नाही. तासन्‌तास चक्कर, कानात आवाज आणि ऐकू कमी येत असेल तर मेनियर नावाचा आतल्या कानाचाच दुसरा आजार असू शकतो, मायग्रेनची पण चक्कर असते. बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना तर घरी बसू नका, तो स्ट्रोक असू शकतो. आणि यूट्यूब बघून स्वतःच मान फिरवू नका, आधी कुठला कान ते तर कळू दे.

तुमच्या आरोग्य पानावर यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या की एकदा. आमच्याकडचा पट्टा आत्या घेऊन गेलीय, तिला पण चक्कर येते म्हणे.

- एक वाचक, सातारा