टोपी एका पायावर ठेवणाऱ्या काकांना

काका, सा. नमस्कार.

तुमचं नाव लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून लिहीत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातली माणसं तेवढ्यावरून ओळखतीलच.

परवा शाळेच्या प्रदर्शनात लेकीची गाडी चालली. दोन तास, एकदाही न अडखळता. घरी आल्यावर तिनं ती थेट देवासमोर नेऊन ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. खेळण्यातल्या गाडीसाठी कोणी रडतं का? मी रडले.

आधीचे तीन आठवडे आठवले की अजून डोकं फिरतं. चार पिवळ्या मोटारी, त्यांना हुकूम देणारा आर्डुइनो उनो हा छोटासा संगणक-बोर्ड, त्यावर बसवलेली मोटर शील्ड, म्हणजे मोटारींना वीज पोचवणाऱ्या एल२९३डी चिपची पट्टी, आणि सगळ्यांना मिळून एक चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. गाडी वीतभर पुढे जायची, दिवा मिणमिणायचा आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू. सामान घेतलं त्या दुकानदारानं मानही वर न करता "बोर्ड गेलाय" म्हणून दुसरा विकला. तोही तसाच वागला. क्लासचे सर म्हणाले, प्रोग्राम चुकलाय. पोरीनं तो सहा वेळा लिहून काढला. आणखी एका शहाण्यानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलीला चित्रकलेत घाला." १८९० मध्ये ज्या गावात तांत्रिक शिक्षण देणारं कलाभवन निघालं, त्या गावात ही तऱ्हा! व्होल्ट मोजायचा मीटर लावून बघावं, असं एकालाही वाटलं नाही हो.

तुम्ही लावलात. तोही तिच्या हातात देऊन. मोटारी सुरू झाल्या की आकडा कसा धाडकन खाली येतो, ते तिलाच मोठ्यानं वाचायला लावलंत. मग मीटर उलटा करून त्याचं झाकण उघडलंत, तर आत तशीच चौकोनी बॅटरी. "ही याच्यात शोभते. हिला बैलगाडीला जुंपू नये."

मग ती टोपी. शील्डवर दोन बारीक पिनांवर बसलेला, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा काळा जंपर. आम्ही तो कधी पाहिलाही नव्हता. तो बसलेला असला की बोर्ड आणि मोटारी एकाच ताटात जेवतात, काढला की दोघांची ताटं वेगळी. तुम्ही तिला म्हणालात, "तू काढ," आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. तिच्या नखातून तो दोनदा निसटला. तुमचे हात जागचे हलले नाहीत. निघाल्यावर ती तो माझ्याकडे द्यायला लागली, तर तुम्ही म्हणालात, "आईला नको. तिथंच एका पिनेवर अडकव. एका पायावर उभी राहिली की टोपी हरवत नाही. उद्या एकाच बॅटरीवर चालवावंसं वाटलं, तर परत दोन्ही पायांवर बसव. पण बसलेली असताना दोन्हीकडून वीज द्यायची नाही हं."

काका, मला सगळ्यात लागलं ते हे. "उद्या वाटलं तर." तीन आठवडे जो तो तिला हे सोडून दे म्हणत होता, आणि तुम्ही तिच्या पुढच्या गाडीची सोय करून ठेवत होतात.

बाकी मग भराभर झालं. मोटारींना सहा पेन्सिल सेल, बोर्डाला तीच चौकोनी बॅटरी. चार सेल का नाही, असं मी विचारलं, तर म्हणालात, "चिप मधल्यामध्ये दोन-अडीच व्होल्ट दलाली खाते, वहिनी." त्या दुकानदाराच्या दुसऱ्या बोर्डाचे पैसे आठवून मला हसू आलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. शेव-उसळ पाठवली तर डबा परत आला, आणि त्यात पेरू. अशा माणसांचं करायचं तरी काय! घासाघीस कुठे करावी ते आम्हांला कळतं, पण समोरचा काही घेतच नसेल, तर आमच्यासारख्यांची पंचाईत होते.

तर मनापासून आभार. आणि एक काम आहे. तिला आता गाडीवर हात बसवायचाय, दोन सर्वोंचा, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात वळणाऱ्या मोटारींचा. त्यांना वीज बोर्डाच्याच ५ व्होल्टमधून जाते हे तिनं शोधून काढलंय, आणि कालपासून मला विचारतेय की पुन्हा एकच ताट झालं का. रविवारी संध्याकाळी घरी आहात ना?