यांच्या मनगटावर टेकलेली दोन बोटं

मॅडम,

तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या, तरी मॅडमच म्हणते. तुम्ही यांचे कान तपासलेत, तो दिवस आठवला की अजून डोळे भरतात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

आमच्या यांनी इचलकरंजीत ३२ वर्षं माग चालवले. कानात कापसाचा बोळा, एवढीच काय ती काळजी. शेडमध्ये माणसं हातवाऱ्यांनीच बोलायची, आणि हळूहळू घरातही तसंच झालं. जेवायला चला, गोळी घेतली का, कडी लावा. आमचं बोलणं एवढ्यावर आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी फोन आला. मी ओट्यापाशूनच ओरडून सांगितलं, "दादाला ॲटॅक आलाय." कुकर चालू होता. हे "बरं" म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. मी एकटीच एसटीनं कागलला गेले. पारावर मित्रांचं सगळं ऐकू येतं, बायकोचंच तेवढं येत नाही, ही अढी तेव्हापासून मनात घट्ट बसली. त्यावर आम्ही पुन्हा बोललोच नाही.

तुमच्याआधी दोन ठिकाणी गेलो होतो. एकजण यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "वय झालं, चालायचंच." दुसऱ्यांनी धड तपासणी न करता कानाचं मशीन गळ्यात मारलं. ते नुसत्या शिट्ट्या मारायचं, कपाटात पडलं. दोन्हीकडे यांना एका शब्दानं कुणी विचारलं नाही. शिकलेली माणसं अशी का वागतात?

तुम्ही आधी पंखा बंद केलात. खुर्ची ओढून अगदी समोर बसलात, यांच्या मनगटावर दोन बोटं टेकवलीत आणि यांनी वर बघितल्यावरच बोललात, "काका, तुम्ही सांगा, काय त्रास होतो?" मी सवयीनं उत्तर द्यायला गेले, तर तुम्ही हातानंच मला थांबवलंत. बराच वेळ गेला. तुम्ही घाई केली नाहीत. मग हे म्हणाले, "आवाज येतो, शब्द लागत नाहीत."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही यांच्या ऐकण्याचा आलेख दाखवलात. मागांच्या खडखडाटानं ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच पट्टीतलं ऐकणं आधी जातं. स, श, फ असले बारीक आवाज गळतात. गड्यांचा जाड आवाज पोचतो, बायकांचा अर्धामुर्धा. माझी अढी तिथल्या तिथे सुटली. तुम्ही मला दोष दिला नाहीत, हेही विसरणार नाही.

नवं मशीन छान बसलंय. पण मी तुमची ती सवय उचलली. मिक्सर बंद करायचा, समोर बसायचं, मनगटाला हात लावायचा, मग बोलायचं. परवा असंच बसून त्या फोनचा विषय काढला.

हे म्हणाले, "मला 'दादा आलाय' असं ऐकू आलं. वाटलं, तू त्याला आणायलाच स्टँडवर गेलीस. रात्रीपर्यंत दारात खुर्ची टाकून बसलो होतो."

तुमची,
इचलकरंजीची काकू