नारिंगी शाई जपून वापरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला कोयनेच्या भूकंपांवरचा लेख बरा होता. घात केला तो सोबतच्या चित्राने. बोटभर जाडीचे भूकवच, त्याखाली थेट गाभ्यापर्यंत नारिंगी रस आणि तळाला ओळ, ‘लाव्हावर तरंगणाऱ्या प्लेट्स’. शाळेपासून पोरांच्या डोक्यात बसलेला गैरसमज आपण चार रंगांत पक्का करून दिलात, अभिनंदन.

भूकवच आणि गाभा यांमधला थर म्हणजे प्रावरण. ते द्रव नाही. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत तो घन खडक आहे. पुरावा भूकंपमापकाच्या आलेखावरच असतो. भूकंपाच्या एस लहरी, म्हणजे खडकाला आडवे हेलकावे देत जाणाऱ्या लहरी, द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून त्या खुशाल येतात आणि अडतात बाह्य गाभ्याशी. म्हणूनच भूकंपकेंद्रापासून (पृथ्वीच्या मध्याशी कोन मोजून) साधारण १०४ अंशांपलीकडे थेट एस लहर मिळत नाही. वितळलेला आहे तो हा बाह्य गाभा, मुख्यतः लोखंडाचा, ५,१५० किलोमीटरपर्यंत. त्याच्या आत पुन्हा घन. आत असा वेगळा गाभा आहे हे डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी १९३६ मध्येच दाखवले.

घन खडक वाहतो कसा? भरपूर तापलेला आणि दाबाखाली असला की न वितळताही वाहतो, वर्षाला काही सेंटिमीटर. प्लेटच्या तळाशी कुठे कुठे अगदी थोडा अंश वितळलेला असतो, पण त्याला रस म्हणणे म्हणजे ओल्या वाळूला समुद्र म्हणणे. शिलारस सगळीकडे भरून ठेवलेला नसतो. वर येणाऱ्या खडकावरचा दाब घटला, किंवा खाली घुसणाऱ्या प्लेटमधल्या पाण्याने वितळणबिंदू उतरला, की तिथे तो तयार होतो. आणि रंगच भरायचा तर वरच्या प्रावरणातले मुख्य खनिज ऑलिव्हिन, तेही हिरवे!

आपल्या चित्रकारांसाठी मापे देतो. १० सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. केंद्रापासून १.९ सेंमीवर अंतर्गाभा संपतो, ५.५ सेंमीवर बाह्य गाभा. उरलेले साडेचार सेंमी प्रावरण. ३५-४० किलोमीटरचे भूकवच म्हणजे टोकदार पेन्सिलीची रेघ, साधारण अर्धा मिलिमीटर. प्लेट म्हणजे नुसते भूकवच नव्हे. प्रावरणाचा वरचा ताठ थरही तिच्यातच येतो. तिला दीड मिलिमीटर द्या.

‘कोयनेत प्लेट्स आदळतात’ हे तर कुठून आणले? कोयना भारतीय प्लेटच्या पोटात आहे. तिची एक कड हिमालयात, दुसरी अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर; दोन्ही हजार किलोमीटरहून दूर. कोयनेत आहेत त्या जुन्या भेगा. ताण त्यांत आधीच साठलेला असतो. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरला-उतरला की भेगांतल्या पाण्याचा दाब बदलतो. तो वाढला की भेगेवरची पकड सैल होते आणि खडक सरकतो. धरण हा ताण देत नाही, निमित्त होते. शिवाय तुटायला खडक घनच लागतो. रस कसा तुटणार?

जाता जाता, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची ‘तीव्रता ६.३ रिश्टर स्केल’ छापली आहे. स्केल म्हणजे मोजपट्टी, एकक नव्हे. कापड तीन मोजपट्टी घेतले असे कोणी म्हणत नाही. ६.३ हे परिमाण, म्हणजे भूकंप केवढा त्याचे माप, भूकंपाला एकच. तीव्रता, म्हणजे जागेवर बसलेला हादरा, गावोगाव वेगळी; पाटणला एक, पुण्याला दुसरी.

चित्र अर्धे पान होते. दुरुस्ती राशिभविष्याखाली चार ओळींत उरकू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कराड