सूचना : रविवारी बिंदू चौकात येताना

सर्व सभासदांना नमस्कार.

शांततेने आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अटकांविरोधात रविवारी सकाळी १० वाजता बिंदू चौकात जमायचं आहे. फक्त फलक आणायचे. ओळखपत्र जवळ हवं.

दिल्लीत २०२० साली यूएपीए या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेले विद्यार्थी कार्यकर्ते नताशा नरवाल, देवांगना कलिता आणि आसिफ इक्बाल तन्हा यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळायला जून २०२१ उजाडला. त्याआधीच मे महिन्यात नताशाचे वडील कोविडनं गेले, तेव्हा ती तुरुंगातच होती. हे आपण विसरता कामा नये.

निःशस्त्र, शांततेनं जमणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ नं दिलेला हक्क आहे. अटक झालीच तर अनुच्छेद २२ ध्यानात ठेवा : कारण सांगावं लागतं, आपल्या पसंतीचा वकील घेता येतो, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं हजर करावं लागतं. मुलींना सूर्यास्तानंतर अटक अपवादानंच, तीही महिला अधिकाऱ्याकडून आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. न वाचता कशावरही सही करू नका. पोलिसांशी हुज्जत तर नकोच.

कॉलेजच्या पोरापोरींना एकटं सोडू नका, थोरांपैकी कुणीतरी सोबत राहा. घरी सांगून या. वकिलांचा नंबर ग्रुपवर वर लावला आहे. तो कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाइल हातात राहीलच असं नाही.