राज्यसेवेचे उत्तर आजपासून हाताने लिहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा पर्यायी प्रश्नांऐवजी वर्णनात्मक, म्हणजे उत्तरे लिहून देण्याची, करण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला आणि पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरल्यावर तो २०२५ पर्यंत पुढे गेला. वर्णनात्मक हवी की नको, हा वाद आता मागे पडला आहे. तरीही अभ्यासिकांतल्या टेबलांवर दिसतात ते प्रश्नसंच आणि रंगीत पेनांनी रेघा मारलेली पुस्तके. कोरे कागद क्वचितच. ‘आधी सिलॅबस संपवतो, मग लिहायला घेतो’ असे बहुतेक जण म्हणतात. सिलॅबस कधीच संपत नाही आणि लिहिणे राहून जाते. उत्तरे तपासताना याचे परिणाम आम्हाला रोज दिसतात, म्हणून हे पत्र.

नवी योजना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वळणावर आहे. मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर पात्रतेपुरते, त्यात २५ टक्के मिळवावे लागतात. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे. लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, एकूण २०२५ गुण. केंद्राच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत २० प्रश्न असतात: दहा प्रश्न १० गुणांचे, १५० शब्दांत, दहा प्रश्न १५ गुणांचे, २५० शब्दांत. सरावासाठी हेच माप धरावे. ही बेरीज तीन तासांत ४००० शब्दांवर जाते, म्हणजे मिनिटाला बावीसच्या वर शब्द, तेही प्रश्न वाचण्यात आणि विचारात जाणारा वेळ न धरता.

त्यामुळे १० गुणांच्या प्रश्नाला सात मिनिटे आणि १५ गुणांच्या प्रश्नाला साडेदहा, यापुढे जायचे नाही. याची १७५ मिनिटे होतात, पाच हाताशी राहतात. पहिल्या दहा उत्तरांत प्रत्येकी तीन मिनिटे जास्त गेली की अर्धा तास संपतो आणि शेवटी १५ गुणांचे जवळजवळ तीन प्रश्न कोरे राहतात. आवडत्या प्रश्नावर तीन मिनिटे जास्त घालवून अर्धा-एक गुण वाढेल. कोऱ्या जागेला मात्र शून्यच. घरी लिहिताना मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजला की वाक्य अर्धे असले तरी पेन खाली ठेवावा. पंधरा दिवस हे केले की कुठे थांबायचे ते हाताला कळू लागते.

माहिती असूनही उत्तर का फसते, ते एका सरावाच्या प्रश्नावर दाखवतो. ‘७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना कामे मिळाली, पण निधी व कर्मचारी मिळाले नाहीत. चिकित्सक परीक्षण करा.’ बहुसंख्य उत्तरांची सुरुवात अशी होते: ‘१९५७ मध्ये बलवंतराय मेहता समिती नेमली गेली. महाराष्ट्रात १९६० मध्ये वसंतराव नाईक समिती, १९७० मध्ये बोंगिरवार समिती व १९८४ मध्ये पी. बी. पाटील समिती...’ सनावळी अचूक आहे. पर्यायी प्रश्नांसाठी ती घोटून पाठ केलेली असते, म्हणून पंचायत राज हा शब्द दिसताच ती कागदावर उतरते. ५० शब्द संपतात आणि विचारलेल्या विधानाला उत्तराने हातही लावलेला नसतो.

या प्रश्नाचे पहिलेच वाक्य विधानाला भिडले पाहिजे: ‘हे विधान बऱ्याच अंशी खरे आहे, कारण कामे सोपवण्याचा निर्णय घटनेने राज्यांच्या हाती ठेवला.’ मग आधार: अनुच्छेद २४३छ नुसार राज्य विधिमंडळ पंचायतींना अधिकार देऊ शकते, देण्याची सक्ती नाही, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. निधीबद्दल एक वाक्य: २४३झ नुसार राज्य वित्त आयोग नेमला जातो, पण त्याच्या शिफारशी राज्यावर बंधनकारक नाहीत. कर्मचाऱ्यांबद्दल एक: एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) अनेकदा एकाहून जास्त गावे असतात. आता दुसरी बाजू, नाहीतर ते परीक्षण चिकित्सक होत नाही: महाराष्ट्रात पेसा क्षेत्रातल्या (अनुसूचित आदिवासी भागातल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो, म्हणजे इच्छा असेल तिथे मार्ग निघाला आहे. शेवटी दोन ओळींत स्वतःचे मत. हे सगळे १२० मराठी शब्दांत बसते. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘ग्रामपंचायतींच्या अधिकारांबाबत’ हे मराठीत दोनच शब्द आहेत. शब्दमर्यादा भरण्यासाठी फुगवण्याची गरज मराठीत लिहिणाऱ्याला नसते.

वरचे ‘२४३छ’ मुद्दाम लिहिले आहे. संविधानाच्या अधिकृत मराठी प्रतीत पोटक्रम क, ख, ग, घ, ङ, च, छ असा चालतो. इंग्रजी नोट्सवरून अभ्यास केलेला उमेदवार ‘२४३ जी’ लिहितो, घाईत वेलांटी सुटते आणि कागदावर ‘२४३ज’ उरतो. तो कर आकारणीचा अनुच्छेद, अधिकारांचा नव्हे. संविधान मराठी प्रतीतून एकदा तरी वाचावे आणि एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी.

परिभाषेचेही तसेच. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची दरवर्षीची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीत उपलब्ध आहे. राजकोषीय तूट, महसुली तूट, वित्तीय विकेंद्रीकरण हे शब्द तिथून उचलले की उत्तरात नेमकेपणा येतो. जे केंद्राची परीक्षाही मराठीतून देतात त्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. तिथे कंसात इंग्रजी देण्याची मुभा फक्त तांत्रिक संज्ञांपुरती आहे आणि तिचा गैरवापर झाला तर गुण कापले जातात. तिथे प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते, म्हणून प्रश्न इंग्रजीतून वाचून थेट मराठीत विचार करण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

अक्षराकडे फार कमी जण लक्ष देतात. वेग वाढवायचा म्हणून अनेक जण शिरोरेषा सोडतात किंवा शब्दावरून एकच सरळ रेघ ओढतात. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावर रेघ तुटलेली असते, त्यावरच ते ‘म’ आणि ‘घ’ पासून वेगळे ओळखू येतात. रेघ सरसकट ओढली की ‘धन’चा ‘घन’ आणि ‘भार’चा ‘मार’ होतो. तपासणारा संदर्भावरून ओळखतो, पण दर ओळीला अडखळला की वाचण्याची लय जाते आणि मुद्दा निसटतो. (मोडीत आधी पानभर रेघ आखून मग खाली अक्षरे लिहीत, बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत ती सोय नाही.) शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर द्यावी, भ आणि ध वर हात उचलावा. अक्षर सुंदर नसले तरी चालेल, सुटे आणि सारख्या आकाराचे हवे. तीन तासांचा पूर्ण पेपर आठवड्यातून एकदा बसून लिहावा आणि शेवटच्या महिन्यात एकाच दिवशी दोन. सहा तास लिहिलेल्या हाताचे अक्षर सकाळच्या अक्षराशेजारी ठेवून पाहावे.

पात्रतेचा मराठीचा पेपर कुणी गृहीत धरू नये. केंद्राच्या धर्तीच्या पेपरात सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश आणि स्वतःच्या शब्दांत हवा. मूळ वाक्ये जोडून केलेला सारांश हीच इथली नेहमीची चूक. या पेपरात ७५ गुण पडले नाहीत तर बाकीच्या पेपरांतली मेहनत वाया जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. केंद्रीय परीक्षेतल्या गुणांची माहिती माहितीच्या अधिकारात सरसकट देण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली नाही. तिथल्या खऱ्या परीक्षेत कुठे चुकले हे कुणी लिहून देत नाही, म्हणून चूक सरावातच सापडायला हवी. टेस्ट सिरीजमधून परत येणाऱ्या वहीत बहुधा ‘४/१०’ आणि ‘अजून मुद्दे हवेत’ एवढेच असते. असा शेरा घेऊन उमेदवार आणखी मुद्दे पाठ करतो आणि पुढचे उत्तर आणखी फसते. तपासणाऱ्यांनी समासात तीन गोष्टी तरी लिहाव्यात: प्रश्नातला कोणता शब्द सुटला, कोणते वाक्य काढले असते तरी चालले असते, कोणत्या विधानाला आधार नाही.

ज्यांना क्लासची फी परवडत नाही त्यांनी चौघांचा गट करावा. रोज प्रत्येकाने दोन उत्तरे लिहावीत, वह्यांची अदलाबदल करावी आणि वाचणाऱ्याने बाकीचे उत्तर झाकून, प्रश्न न पाहता, फक्त पहिल्या दोन ओळींवरून प्रश्न काय असेल ते सांगावे. सांगता आले नाही तर उत्तर पुन्हा लिहावे. अडचण जागेची आहे. अभ्यासिकांत शांततेचा नियम असतो आणि तो असायलाच हवा, त्यामुळे या कामाला बसायला जागा नाही. नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि संस्था यांनी आपल्या अभ्यासिकांत संध्याकाळचा एक तास एखादी खोली बोलून अभ्यास करणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर घड्याळ एवढे पुरते. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी उचलून धरावी, ही विनंती.

आपले नम्र,
स्पर्धा परीक्षांची उत्तरे तपासणारे दोन मार्गदर्शक, सातारा