लूज आणि लूझ: पोट्ट्यांचे मार्क जातात

संपादक साहेब नमस्कार,

तुमच्या पेपरात स्पर्धा परीक्षेचं पान येते ते आमच्या गावच्या वाचनालयात पोट्टे रोज वाचतात, पण त्यात इंग्रजीच्या नेहमी गफलत होणाऱ्या शब्दांवर काहीच नसते म्हणून हे पत्र. आता लूजचंच पाहा. आपण नट लूज झाला म्हणतो पण सैल या अर्थाच्या शब्दात दोन ओ असतात आणि शेवटी उच्चार स चा होते, एक ओ वाला तो हरणे किंवा हरवणे, त्याचा उच्चार झ चा. मराठीत दोन्ही लूजच लिहितो मग पोरगं पेपरात गडबडणार नाही तर काय?

अ‍ॅडव्हाइसचं बी तसंच, सल्ला म्हणजे स्पेलिंगात सी, सल्ला देणे म्हणजे एस.

पण खरा घोळ बॉरो आणि लेंडचा आहे. आपल्याकडं पेरणीच्या टायमाले उसने घेणारा बी उसने अन् देणारा बी उसने, शब्द एकच. इंग्रजीत घेणारा बॉरो करते, देणारा लेंड. त्यामुळं "लेंड मी" च्या जागी "बॉरो मी" असं चांगले शिकलेले लोकं बी बोलतात. आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या पाटीवरची स्टेशनरी तर स्पेलिंगात बहुतेक ए वालीच असते, म्हणजे जागेवर उभी! कागद-पेनवाली ई ची.

तर रोज एक जोडी छापा, उदाहरण आपल्या शेतीवाडीतलं द्या, लंडनच्या बागेतलं नको.

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ