डाग बघायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मी इथे ओरेगॉनमध्ये पाच सुयांच्या (म्हणजे सुईसारखी पानं पाच-पाचच्या झुपक्यात येणाऱ्या) पाइनवरच्या तांबेऱ्यावर काम करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो: हा रोग आणणारी क्रोनार्शियम रिबिकोला ही बुरशी मूळची आशियातली. 1910 मध्ये फ्रान्सहून मागवलेल्या रोपांबरोबर ती व्हँकुव्हरला उतरली आणि पश्चिमेकडच्या डोंगरांत पसरली. सुईच्या रंध्रातून आत शिरते, तिथून फांदीत, मग खोडात. खोडाला वेढा पडला की वरचं झाड वाळतं.

महाबळेश्वरच्या गव्हाच्या तांबेऱ्याच्या केंद्रात तुम्ही आम्हाला भिंग घेऊन उभं केलं होतंत. "रोग आहे, रोग नाही" एवढंच लिहिलेली वही तुम्ही परत द्यायचात. ठिपका केवढा, पुळी फुटली का, भोवतीच्या पेशी मेल्यात का, सगळं हवं असायचं. तेव्हा राग यायचा, खरं सांगतो! इथे शुगर पाइन या पाच सुयांच्याच एका पाइनमध्ये सीआर-1 नावाचं एक प्रभावी जनुक आहे. ते असलेल्या रोपाच्या सुईवरही डाग पडतो, पण तिथल्या पेशी स्वतःच मरून बुरशीची वाट अडवतात. डाग दिसला की रोप बाद, असं धरलं असतं तर हवी तीच रोपं कचऱ्यात गेली असती.

पण खरे आभार त्या एका प्रश्नाचे. सीआर-1ची रोपं कशी तगली आहेत ते मी रंगवून सांगत होतो आणि तुम्ही मध्येच विचारलंत, "बुरशी कुठली घेतलीस?"

फ्लोर या शास्त्रज्ञाने जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवलेला जनुकास-जनुक हिशोब तुम्ही आम्हाला पाठ करायला लावला होतात: झाडाचं प्रतिकाराचं जनुक बुरशीतल्या त्याच्या जोडीच्या जनुकापुरतंच चालतं, बुरशीचं ते बदललं की प्रतिकार फोल. कॅलिफोर्नियातल्या हॅपी कॅम्पला सीआर-1ला न जुमानणारी बुरशी 1970च्या दशकातच सापडली आहे. गव्हाचं वाण काही वर्षांत बदलता येतं. शतकानुशतकं उभ्या राहणाऱ्या झाडाचं काय बदलणार? त्यानंतर तुमच्या सकाळी आणि माझ्या रात्री बसून आपण सगळा आराखडा पुन्हा मांडला. साधी बुरशी आणि ती हॅपी कॅम्पची, दोन्ही वेगवेगळ्या कक्षांत. शिवाय एकाच जनुकावर न विसंबता, थोडाथोडा प्रतिकार करणारी कुळंही चाचणीत. निवृत्तीनंतर, दुसऱ्याच्या प्रबंधासाठी, कोण एवढं करतं?

आता रायबीसची (या बुरशीला पाइनखेरीज लागणाऱ्या दुसऱ्या झुडपाची) रोगट पानं जाळीवर पसरून खालच्या रोपांवर बीजाणू पाडून झालेत. गव्हासारखं पंधरवड्यात उत्तर मिळत नाही, खोडापर्यंतचा निकाल यायला वर्षं लागतील. सुयांवरचे डाग मात्र दिसू लागलेत. काही पिवळे आहेत की तांबूस, याबद्दल माझं आणि सहकाऱ्याचं जमत नाहीये. फोटो पाठवलेत. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा आणि कळवा.

आपला विद्यार्थी